कोठ्यांतील फटफटी

दारव्ह्याच्या जुन्या वस्तींत एखाद्या ऐसपैस घरीं गेल्यास मागल्या अंगणांत कोठा अजून उभा असलेला दिसतो. (वऱ्हाडांत गोठ्याला कोठा म्हणतात, हें देशावरील वाचकांसाठीं सांगून ठेवतों.) बैलांची जोडी कधींच गेली, गव्हाणींत आतां कडबा पडत नाहीं, तरी कोठा रिकामा मात्र नसतो. मोडकी तिफण, पाणी तापविण्याचा बंब, लग्नकार्यांतलीं मोठालीं पातेलीं, आणि ह्या सर्वांच्या मागें गोणपाटाखालीं झांकलेली एखादी फटफटी. ती आजोबांची असते, किंवा थोरल्या काकांची. तिच्यावर बसून कोणी शाळांची तपासणी केली, कोणी शेतावर मजुरांचे पैसे पोंचविले, कोणी यवतमाळच्या कोर्टांत तारखा केल्या. पंचवीस-तीस वर्षें ती बंद आहे. आणि अलीकडे घरांतील विशी-बाविशीच्या मुलाची दृष्टि तिच्यावर पडूं लागली आहे.

ती नुसती चालू करून त्याचें समाधान होत नाहीं. त्याला ती बदलावयाची असते. मागचें मडगार्ड कापावें, हँडल रुंद करावें, टाकीला काळा रंग द्यावा, सायलेन्सर आंखूड करावा, असे बेत मोबाइलच्या पडद्यावर चित्रें पाहून ठरलेले असतात. घरांतील वडील मंडळी म्हणतात, ‘तिला हात लावूं नकोस.’ मुलगा म्हणतो, ‘हात लावला नाहीं म्हणूनच ती गंजली.’ आम्हांला दोघांचेंही म्हणणें पटतें. आमच्या समजुतीप्रमाणें खरा प्रश्न एवढाच आहे, कीं जो बदल करावयाचा तो उद्यां परत फिरवितां येईल कीं नाहीं. ह्या एका कसोटीवर घासून पाहिलें, तर कोठ्यांतल्या ह्या कामांतील बहुतेक तंटे आपोआप मिटतात.

दारव्ह्याला यंत्रांचें वावडें कधींच नव्हतें. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची आगगाडी, जिला सारा प्रांत ‘शकुंतला’ म्हणून ओळखतो, ती येथल्या मोतीबाग स्टेशनावरून जात असे. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठीं विसाव्या शतकाच्या आरंभीं किलिक निक्सन ह्या विलायती पेढीनें ती बांधविली. १९५१ सालीं देशांतील रेल्वे सरकारी झाल्या, तरी हिची मालकी कंपनीकडेच राहिली. तिचें १९२१ सालीं मँचेस्टरला बनलेलें वाफेचें इंजिन १९९४ सालच्या एप्रिलपर्यंत डबे ओढीत होतें. आतां ही गाडी बंद आहे. परंतु सत्तर वर्षें एकाच इंजिनानें काम करावें, ह्यांतील मर्म पाहण्यासारखें आहे. वाफेच्या इंजिनाची रीतच अशी, कीं झिजलेला भाग तेवढा काढावयाचा, त्याच मापाचा दुसरा घडवून बसवावयाचा, आणि मूळ सांगाड्याला धक्का लावावयाचा नाहीं. शिवाय कापसाच्या गांवीं जिन आणि प्रेस आली कीं तिच्यामागोमाग फिटर व लेथवाला हेही येतातच. म्हणून जुन्या यंत्राचा एखादा बुश किंवा पिन घडवून घ्यावयाची तर पुण्या-मुंबईकडे धांव घेण्याचें कारण बहुधा पडत नाहीं.

आमच्या घरांतून ज्या जुन्या गाड्या आढळतात त्या बहुशः तीनच कुळांतल्या. पहिली बुलेट. इंग्लंडांतील रेडिच येथल्या रॉयल एन्फील्ड कंपनीची ही गाडी भारतीय सैन्याला पसंत पडली. १९५५ सालीं मद्रास मोटर्सच्या भागीदारींत एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली व मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथें कारखाना उभा राहिला. रेडिचचा कारखाना पुढें बंद झाला, मद्रासचा चालूच राहिला. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर व दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर, मिळून ३४६ घनसेंटीमीटर. हें माप पिढ्यान् पिढ्या बदललें नाहीं, म्हणून तिचे सुटे भाग मिळण्यास अडचण पडत नाहीं. दुसरी जावा. मूळची चेकोस्लोव्हाकियाची, मुंबईस ती आयात करणाऱ्या रुस्तुम व फारुख इराणी ह्यांनीं म्हैसूर येथें आयडियल जावा हा कारखाना काढला. १९७३ पासून ह्याच कारखान्याच्या गाड्या येझदी नांवानें निघूं लागल्या, आणि १९९६ सालीं तो बंद पडला. जावेचें कौतुक असें, कीं जो दांडा किक मारण्याचा तोच पुढें ढकलून गिअर टाकण्याचा, आणि एकाच सिलिंडरला दोन बाजूंस दोन सायलेन्सर. तिसरी राजदूत. पोलंडांतील एका गाडीच्या नमुन्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीनें ती केली, आणि गांवोगांवच्या दूधवाल्यांनीं ती पावन करून घेतली. १९७३ सालच्या ‘बॉबी’ चित्रपटांत नायक-नायिका जिच्यावरून पळून जातात ती लहानशी राजदूत ह्याच घराण्यांतली. पण दुधाच्या कॅनांनीं जें नांव मिळविलें तें चित्रपटानें मिळविलें असें आम्हांस वाटत नाहीं.

जुनी मोटारसायकल घरच्या खोपटांत बदलण्याचा नाद कोठवर जाऊं शकतो, ह्याचें एक उदाहरण दक्षिण गोलार्धांतील आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण टोंकास इन्व्हरकार्गिल नांवाचें गांव आहे. तेथें १८९९ सालीं जन्मलेल्या बर्ट मन्रो नांवाच्या गृहस्थानें १९२० सालीं एक ‘इंडियन स्काउट’ गाडी विकत घेतली. (नांवावरून गैरसमज नको, ही अमेरिकन कंपनी.) ती कारखान्यांतून निघाली तेव्हां ताशीं पंचावन्न मैलांच्या वर धांवत नसे. १९२६ सालापासून मन्रोनें तिच्यांत फेरफार करण्यास आरंभ केला तो हयातभर संपला नाहीं. पैसे नव्हते, म्हणून यंत्रशाळाही नव्हती. जुन्या डब्यांचे सांचे करून त्यांत तो दट्टे ओती. बिडाच्या नळांतून सिलिंडर घडवी. ट्रॅक्टरच्या आंसाच्या पोलादांतून हातानें दांडे तासून काढी. टायरचीं उंचवट्याचीं नक्षी स्वयंपाकघरांतल्या सुरीनें छिलून टाकी. तुटलेले व वितळलेले भाग मात्र तो फेंकीत नसे. एका फळीवर ते ओळीनें मांडलेले असत, जणूं एखाद्या देवतेला वाहिलेले नैवेद्य. अखेर २६ ऑगस्ट १९६७ रोजीं अमेरिकेंतील बॉनेव्हिल येथल्या मिठाच्या मैदानावर, वयाच्या ६८ व्या वर्षीं, त्यानें ती ४७ वर्षांची गाडी ताशीं १८४.०८७ मैल, म्हणजे सुमारें २९६ किलोमीटर वेगानें पळविली व आपल्या वर्गांतील विक्रम केला. त्या वेळीं हिशेबांत चूक होऊन हा आंकडा १८३.५८६ असा जाहीर झाला होता. मन्रोच्या मुलाच्या तें लक्षांत आलें, आणि २०१४ सालीं, मन्रोच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनीं, तो दुरुस्त झाला.

ही कथा मुलांना सांगावी, पण पुरती सांगावी. मन्रोच्या गाडींत मूळचें थोडेंच शिल्लक राहिलें होतें हें खरें. परंतु तो तिच्यासाठीं मिठाचें उघडें मैदान शोधीत अर्ध्या जगाचा प्रवास करून गेला, दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर ती त्यानें नेली नाहीं. शिवाय गाडी त्याची एकट्याची होती. आमच्या कोठ्यांतली गाडी अशी एकट्याची क्वचितच असते.

आपल्याकडेही असे हात कमी नाहींत. सांगली जिल्ह्यांत देवराष्ट्रे म्हणून गांव आहे. यशवंतराव चव्हाणांचें तें जन्मस्थान. तेथील दत्तात्रय लोहार ह्यांनीं भंगारांतले भाग जमवून सुमारें साठ हजार रुपयांत एक चारचाकी तयार केली. ती फटफटीसारखी किक मारून सुरू होते. २०२१ सालच्या अखेरीस तिची चित्रफीत देशभर पसरली. आनंद महिंद्र ह्यांनीं तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली, आणि २०२२ च्या जानेवारींत लोहार कुटुंबानें ती स्वीकारली. ह्या प्रसंगांत आम्हांस महत्त्वाची वाटते ती महिंद्रांची एक कबुली: ही गाडी नियमांत बसत नाहीं, आज ना उद्यां अधिकारी ती रस्त्यावर येऊं देणार नाहींत, हें त्यांनीं त्याच वेळीं स्पष्ट लिहिलें होतें. कौशल्याचें कौतुक करावें, पण कायद्याकडे डोळेझांक करूं नये, असा तो व्यवहार होता. दुसरें उदाहरण गुजरातेंतलें, पण वऱ्हाडच्या शेतकऱ्याला जवळचें. अमरेली जिल्ह्यांतील मनसुखभाई जगाणी ह्यांनीं १९९४ सालीं, दुष्काळामुळें बैल परवडेनासे झाले तेव्हां, बुलेटचें मागचें चाक काढून त्या जागीं दोन चाकांची जोडणी केली व तिला औत लावलें. तिला ‘बुलेट सांती’ म्हणतात, आणि तिला स्वदेशाचें व अमेरिकेचेंही पेटंट मिळालें. कपाशीच्या ओळींत डवरा धरून ज्यानें दिवस काढला आहे, त्याला ह्या बदलाचें मोल समजावून सांगण्याची गरज नाहीं. कां बदलावयाचें, हें जगाणींना आधींपासून ठाऊक होतें. चित्रांतल्यासारखी दिसावी म्हणून मडगार्ड कापणाराला तें ठाऊक असतेंच असें नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. ह्या बाबतींत घरांघरांतून बरेंच अज्ञान आहे, आणि त्याची किंमत दंडाच्या पावतींत मोजावी लागते. मोटार वाहन कायदा १९८८ मधील ५२ व्या कलमान्वयें नोंदणीपत्रांत लिहिलेल्या व उत्पादकानें ठरविलेल्या वर्णनापासून गाडी निराळी होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. केरळांतून गेलेल्या एका प्रकरणांत २०१९ सालच्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें ह्या कलमाचा हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बदलामागें मालकाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. ‘प्रत्येक बदलामागें’ हे शब्द मुलांच्या नजरेस अवश्य आणून द्यावेत.

ह्याच्या उलट दुसरें एक दार २०२१ सालच्या जुलैंत उघडलें आहे. पहिल्या नोंदणीपासून ज्या दुचाकीला किंवा चारचाकीला पन्नासांहून अधिक वर्षें झालीं, आणि जिच्या चौकटींत, बाह्यांगांत व इंजिनांत मोठा फेरफार झालेला नाहीं, तिला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येतें. नव्यानें नोंद करावयाची तर शुल्क २०,००० रुपये, ती दहा वर्षें चालते. पुढील नोंदणीस ५,००० रुपये. आधीं नोंद असलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवतां येतो. नवी नोंद होणाऱ्या गाडीच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. अशी गाडी रोजच्या वापरास काढतां येत नाहीं. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, पेट्रोल भरणें, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी. म्हणजे पहा, १९७५ सालीं नोंदलेली जावा किंवा बुलेट २०२५ सालीं पन्नाशीला पोंचली. ती जर मूळ स्वरूपांत असेल तर हें दार तिच्यासाठीं उघडें आहे. आणि तिची चौकट जर हौसेखातर मागच्या बाजूस कापलेली असेल, तर तें कायमचें बंद झालें. आजोबांनीं जी जपली तिची अर्धी किंमत एका दुपारीं ग्राइंडरखालीं जाते, ती अशी.

एकत्र कुटुंबांत ह्याच्याही आधींचा एक प्रश्न असतो, तो म्हणजे गाडी कोणाची? आजोबा जाऊन वीस वर्षें झालीं तरी नोंदणीपत्र त्यांच्याच नांवावर आहे, असें दहांपैकीं आठ घरीं आढळेल, असें आम्ही अंदाजानें म्हणतों. नियम असा, कीं मालक वारल्यावर वारसानें तीस दिवसांच्या आंत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावें, व तीन महिन्यांच्या आंत ३१ क्रमांकाच्या नमुन्यांत नांव बदलण्याचा अर्ज करावा. मुदत टळली म्हणून हात जोडून बसण्याचें कारण नाहीं. विलंबाचा दंड भरून हें काम होतें. परंतु इतर वारसांची संमति लागते, आणि खरी मेख येथेंच आहे. नागपुरास असलेले काका, पुण्यास असलेली आत्या, ह्यांच्या सह्या मिळेपर्यंत पाना हातीं धरूं नये. गाडी पार भंगार असतांना कोणाला तिची आठवण नसते. ती चमकूं लागली कीं सर्वांना आपापलें बालपण तिच्यावर बसलेलें दिसूं लागतें. ही माणसाची रीत आहे, तिच्यावर रागावण्यांत अर्थ नाहीं. आधींच विचारून ठेवणें बरें. सोबत चौकटीवरील व इंजिनावरील क्रमांकांवर कागद ठेवून पेन्सिलीनें ठसा घ्यावा आणि तो नोंदणीपत्राशीं ताडून पाहावा. पूर्वीं कोणीतरी इंजिन बदललेलें असल्यास तें येथेंच उघड होतें.

कामाला आरंभ करावयाचा तो झाडूनें. कोठ्याच्या मातीच्या भुईवर पडलेली लहान पिन पुन्हां सांपडत नाहीं, म्हणून खालीं फरशी किंवा निदान जुनें पांढरें धोतर अंथरावें. प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्यावें; हल्लीं तें फुकट पडतें. इंजिन जॅम झालेलें असेल तर किकवर उड्या मारूं नयेत. प्लग काढून त्या भोकांतून थोडें पातळ तेल सोडावें, आठ दिवस स्वस्थ बसावें, आणि मग हलक्या हातानें चाक फिरवून पाहावें. ज्यांना धीर नाहीं त्यांनीं हें काम मिस्त्र्याकडे द्यावें, आणि मिस्त्र्यालाही घाई करूं देऊं नये.

मुलाबाळांच्या घरांत आणखी कांहीं गोष्टी सांभाळाव्या लागतात. जुन्या ब्रेकच्या व क्लचच्या पट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. ती धूळ फुंकून उडविली तर फुप्फुसांत जाते व वर्षांनंतर त्रास देते. म्हणून ती ओल्या फडक्यानें पुसावी आणि फडकें टाकून द्यावें. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें, तेव्हां रंग खरवडतांना लहान मुलांना जवळ येऊं देऊं नये. बंद कोठ्यांत इंजिन चालू करूं नये, कारण त्याच्या धुरांतील विषारी वायूला वास नसतो. आणि पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यांत वाफ भरलेली असते. तिला भोक पडलें आहे म्हणून थेट वेल्डिंगला नेणें म्हणजे प्राणाशीं गांठ घालणें होय. हें काम ज्याला टाकी आधीं पुरती वाफरहित करण्याची रीत माहीत आहे, त्याच्याच हातून करवावें.

मग काय बदलावें? पहिल्या प्रथम विजेची व्यवस्था. ह्या गाड्यांना सहा व्होल्टांची वीज असे, तिच्यावर पुढचा दिवा समईसारखा लागतो. रात्रीं दिग्रसच्या रस्त्यावर मध्येंच बैलगाडी किंवा रोही आडवा आला तर समईचा उजेड पुरत नाहीं. बारा व्होल्टांचा जोड बसवितां येतो. त्यासाठीं जनित्र, कॉइल, बल्ब, भोंगा व बॅटरी हीं सारीं बदलावीं लागतात, पण कोठेंही करवत चालवावी लागत नाहीं, आणि हवी तेव्हां जुनी व्यवस्था परत बसते. आमच्या कसोटीस हा बदल सोळा आणे उतरतो. त्याच्या जोडीनें सर्व वायरी नव्या घालाव्या. उंदरांनीं त्या बहुधा आधींच सोडविलेल्या असतात.

दुसरें पेट्रोल. हल्लीं पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करून फुगवितें, हवेंतलें पाणी ओढून घेतें, आणि त्यामुळें टाकी आंतून गंजते. १९७० सालच्या गाडीला ह्याची कल्पना असणें शक्य नव्हतें. म्हणून पेट्रोलच्या नळ्या, कॉकमधील बुचें व कारब्युरेटरमधील वायसर इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे घालावेत. इथेनॉलांत लिटरमागें जोर कमी, शिवाय इंजिनाला मिश्रण पातळ मिळतें व तें तापतें. कारब्युरेटरचा जेट एक नंबर मोठा घालून हें सुधारतें. महिनोन् महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी. जावा व राजदूत ह्या टू-स्ट्रोक गाड्यांना पेट्रोलांत तेल मिसळावें लागतें, हें नव्या मुलांना सांगावें लागतें. त्यांनीं तशी गाडी पाहिलेलीच नसते.

बैठक बदलण्यास आमची हरकत नाहीं. जुनी गादी काढून ठेवावी व दुसरी शिवून घ्यावी. पण नव्या मंडळींची पहिली कुऱ्हाड पडते ती साडीगार्डावर आणि मागच्या पायदानावर, तिला मात्र आमचा सक्त विरोध आहे. मागें बसणाऱ्या माणसाला धरावयास मूठ, पाय ठेवावयास पायदान, आणि चाकांत वस्त्र अडकूं नये म्हणून निदान अर्धें चाक झांकणारें आडोशाचें साधन असलेंच पाहिजे, असें केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम सांगतो. नियम नसता तरी ज्या घरांतील आजी किंवा काकू ह्याच गाडीवरून पदर सांवरीत देवदर्शनास गेली, त्या घरानें ती जाळी भंगारांत घालूं नये. दिसावयास ती बोजड आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं.

सायलेन्सरविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे, कारण सर्वांत अधिक गैरसमज येथेंच आहे. तो काढला किंवा त्याच्या आंतल्या जाळ्या उपटल्या कीं गाडीचा जोर वाढतो, असें मुलांना वाटतें. जोर वाढत नाहीं, आवाज वाढतो. टू-स्ट्रोक इंजिनांत तर सायलेन्सर हा इंजिनाचाच एक अवयव आहे. जळालेला वायु बाहेर पडतांना त्याच्या मागोमाग थोडें ताजें मिश्रणही निसटूं पाहतें. सायलेन्सरच्या आकारामुळें नळींत उलट फिरणारा दाबाचा लाट त्याला परत सिलिंडरांत ढकलतो. तो आकार मोडला कीं ताजें पेट्रोल न जळतां बाहेर जातें, जोर घटतो आणि खर्च वाढतो. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाडींत सायलेन्सर मोकळा केला तर मिश्रणाचें प्रमाण बिघडतें, इंजिन तापतें, व नळीवरचा क्रोम निळा पडतो. कायदा निराळाच. असे सायलेन्सर जप्त करून पुणें-नागपूरच्या पोलिसांनीं ते रस्त्यावर मांडून रोलरखालीं चिरडले आहेत, त्याचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत आलेलीं आहेत. रात्रीं दहा वाजतां गल्लींतून अशी गाडी गेली म्हणजे कोणत्या घरांतलें तान्हें जागें होतें, हें ज्यानें ती चालविली त्याला कळत नाहीं.

चौकटीला मात्र हात लावूंच नये. बुलेटच्या चौकटींत खालचा पाळणा पुरता नसतो. इंजिन स्वतःच चौकटीचा एक सांधा म्हणून भार उचलतें. अशा चौकटीचा मागचा भाग कापून नवा जोडला, किंवा पुढचा फोर्क लांब घातला, कीं भाराचा सारा हिशेब बदलतो. गाडी कोठ्याच्या दारांत देखणी दिसते आणि ताशीं साठ किलोमीटरला डगमगूं लागते. वेल्डिंगच्या उष्णतेनें जुनें पोलाद सांध्यापाशीं नरम पडतें, तें डोळ्यांना दिसत नाहीं. तडा जातो तो वळणावर. शिवाय क्रमांक कोरलेला असतो तो चौकटीवरच. तिला बाधा आली तर गाडीची ओळखच गेली. ब्रेकही तसेंच. हे जुने ड्रम ब्रेक त्या काळच्या वेगासाठीं केलेले. इंजिनाचा जोर वाढविणाऱ्यानें आधीं थांबण्याचा विचार करावा.

बुलेटच्या जुन्या गाड्यांत आणखी एक खोंच आहे. तिचा गिअर उजव्या पायाशीं असतो आणि ब्रेक डाव्या पायाशीं. पहिला गिअर वर, उरलेले तीन खालीं. हल्लींच्या गाड्यांवर शिकलेल्या मुलाचा पाय संकटाच्या वेळीं उजवीकडे दाबला जातो, आणि ब्रेक लागण्याऐवजीं गिअर पडतो. म्हणून ज्याच्या हातीं गाडी द्यावयाची त्यानें पहिले पंधरा दिवस मोकळ्या मैदानावर, शिरस्त्राण घालून, ती सवय पायांत मुरवावी. घरांत दुसरी नवी मोटारसायकल असेल तर एकाच दिवशीं दोन्ही चालविणें टाळावें.

रंग द्यावयाचा असल्यास मूळ छटेचाच द्यावा, असा आमचा आग्रह आहे. निराळा दिला तर नोंदणीपत्रावर तशी नोंद करून घ्यावी लागते. टाकीवरील सोनेरी रेघ हातानें ओढणारा रंगारी अजून कोठें कोठें सांपडतो. त्याला शोधावें, चहा पाजावा, आणि काम चाललें असतां मुलाला त्याच्या शेजारीं बसवावें.

काढलेला प्रत्येक भाग, मग तो जुना डायनॅमो असो, फाटकी गादी असो कीं गंजलेली जाळी असो, पुसून, तेलाचा हात फिरवून, लोखंडी ट्रंकेंत ठेवावा. त्याला चिठ्ठी बांधावी, व तिच्यावर कोणत्या बाजूचा, केव्हां काढला, कां काढला, हें लिहावें. ह्याच गोष्टी एका वहींतही नोंदवाव्या, आणि ती वही नोंदणीपत्राच्या पाकिटांत घालावी. ट्रंकेची किल्ली मात्र गाडी बदलणाऱ्याजवळ नसावी. ती आजींच्या कमरेला असावी.